लॉग स्प्लिटरचं ऑइल तापतंय : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर

आज काम अर्ध्यावर सोडावं लागलं. जेमतेम चाळीस मिनिटं ओंडके फोडले असतील, तेवढ्यात रॅमचा (ऑइलच्या दाबानं पुढे-मागे सरकून ओंडका फोडणाऱ्या दांड्याचा) जोर ओसरला. सुरुवातीला ज्या जाडीचा ओंडका एका दमात फुटत होता, त्याच जाडीच्या ओंडक्यात पाचर रुतून बसायला लागली. परत येतानाही रॅम रेंगाळत होता. दादाने टाकीला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. थर्मामीटर लावून पाहिला, तर टाकीच्या बाजूचा पत्रा ८६ अंश. हवा ३१ अंश.

इंजिन लगेच बंद केलं. ८० च्या पुढे ऑइल नेणं म्हणजे सील आणि ऑइल दोन्ही जाळणं. दर दहा अंशांमागे ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. शिवाय ते पातळ होतं. आमच्याकडे ४६ ग्रेडचं ऑइल आहे. ४० अंशांना त्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ४६ सेंटीस्टोक असते, १०० अंशांना ती ७ च्या आसपास उतरते. इतकं पातळ ऑइल पंपाच्या गिअरच्या कडेनं मागे निसटतं, म्हणून जोर गेला. जोर जाणं हे लक्षण आहे, दुखणं उष्णतेचं आहे.

गेल्या हंगामात हेच यंत्र तीन-तीन तास सलग चाललं होतं. त्यानंतर केलेले बदल आठवून लिहून ठेवतो: कंट्रोल व्हॉल्व्ह (लिव्हरनं ऑइलची दिशा बदलणारा) बीमच्या दुसऱ्या बाजूला नेला (चालवणाऱ्याच्या तोंडावर धूर येत होता म्हणून), त्यासाठी नवा ब्रॅकेट वेल्ड केला, आणि रिटर्नची (ऑइल टाकीत परत नेणारी) होज पुरेना म्हणून दोन एल्बो (वळणाचे जोड) लावून वाढवली. माझा संशय मात्र पंपावर आहे. तोच सगळ्यात जुना.

१० नोव्हेंबर

रिटर्न फिल्टर बदलला. जुन्याचा कागद काळा, चिकट, पण फाटलेला नाही. घड्यांत धातूचा चुरा शोधला. चुंबकाला बारीक राखाडी लेप लागला, कण किंवा चकचकीत तुकडे नाहीत. ऑइल पूर्ण काढून नवीन २० लिटर भरलं. टाकीचा तळ पुसून घेतला. सक्शनची जाळी स्वच्छ होती. ऑइलला फेस नव्हता, म्हणजे पंप हवा ओढत नाही.

दुपारी चाळीस मिनिटं ओंडके फोडले. ८२ अंश.

चार अंशांचा फरक. एवढं ऑइल ओतून चार अंश! आता अंदाजानं काही बदलायचं नाही.

११ नोव्हेंबर

यंत्राची कुंडली एका जागी मांडतो, पुढच्या हिशेबाला लागेल. इंजिन साडेसहा हॉर्सपॉवर. पंप टू-स्टेज: भार नसताना मिनिटाला ४१ लिटर देतो आणि दाब ४५ बारच्या आसपास गेला की मोठा गिअर मोकळा सोडून फक्त ११ लिटरवर येतो. सिलिंडरचा बोअर १०० मिमी, रॉड ५० मिमी, स्ट्रोक ६०० मिमी. रिलीफ (दाब हद्दीबाहेर गेला की ऑइल सोडून देणारा व्हॉल्व्ह) १७० बार. त्या दाबाला रॅमचा जोर साडेतेरा टनांच्या घरात येतो.

रॅम पूर्ण पुढे जायला ४.७ लिटर ऑइल लागतं, म्हणजे ४१ लिटरच्या पंपाला ७ सेकंद. घड्याळ लावलं: थंड असताना ७ सेकंद, थोडं वर. गाठीच्या ओंडक्याला पाचर लागली की वेग पडतो आणि इंजिन गुदमरत नाही, म्हणजे पंप मोठ्या स्टेजवरून छोट्यावर नीट उतरतो. मोठी स्टेज सुटली नसती, तर साडेसहा हॉर्सपॉवरचं इंजिन जागीच बंद पडलं असतं. पंपावरचा संशय मी जवळजवळ मागे घेतला आहे. थंड असताना तो पूर्ण ऑइल देतोय.

१२ नोव्हेंबर

आज ओंडका लावलाच नाही. इंजिन पूर्ण रेसवर ठेवलं, लिव्हर न्यूट्रलला (मधे, पुढेही नाही आणि मागेही नाही), आणि नुसतं उभं राहून टाकीचं तापमान घेत राहिलो. चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर खोटं सांगतो, कमी दाखवतो. म्हणून टाकी, पंप, व्हॉल्व्ह आणि फिल्टरवर काळ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावला आणि दर वेळी त्यावरच नेम धरला.

सुरुवात २७ अंश. पाच मिनिटांनी ३७, दहा मिनिटांनी ४६, पंधराला ५४, विसाला ६२.

हे आकडे मी दोनदा वाचले. यंत्र एक काडीही फोडत नाहीये आणि तरी पहिल्या पाच मिनिटांत दहा अंश चढलेत. न्यूट्रलला ऑइलनं पंपातून निघून व्हॉल्व्हच्या मधल्या वाटेनं सरळ टाकीत परत यायचं असतं. त्या वाटेत कुठेतरी ते नको तितकं दाबलं जातंय. जिथे दाब पडतो पण काम होत नाही, तिथे तो सगळा दाब उष्णता होऊन ऑइलमध्येच राहतो.

त्यामुळे दादाचा 'ओंडके फार गाठाळ आहेत' हा तर्क निकालात निघाला. गाठींनी भर पडत असेल, पण मूळ तिथे नाही.

१३ नोव्हेंबर

कागदावरचं काम, पण सगळ्यात उपयोगाचं.

ऑइलचं एका लिटरचं वजन साधारण ०.८७ किलो, आणि एक किलो ऑइल एक अंश तापवायला सुमारे १.९ किलोज्यूल लागतात. २० लिटरला ३३. टाकी, पंप, सिलिंडर यांचं लोखंडही सोबत तापतं, त्याचे अंदाजे १२ धरले. एकूण ४५ किलोज्यूल प्रति अंश. पाच मिनिटांत दहा अंश म्हणजे ४५० किलोज्यूल, म्हणजे दीड किलोवॅट. टाकीच्या पोटात दीड किलोवॅटची शेगडी पेटवल्यासारखं.

आता उलट दिशेनं. मिनिटाला लिटर गुणिले बार, भागिले ६००, की किलोवॅट मिळतात. ४१ लिटर आणि दीड किलोवॅट, तर दाब २२ बार. गेज लावल्यावर न्यूट्रलला पंपाच्या तोंडाशी २२ बारच्या आसपास दिसायला हवेत. निरोगी यंत्रात पाच-सहा बार असतात.

आणि एक गोष्ट इथेच लक्षात आली. मी काल व्हॉल्व्ह, फिल्टर, होज सगळ्यांवर थर्मामीटर फिरवून 'गरम जागा' शोधत होतो आणि सगळीकडे एक-दोन अंशांच्या फरकानं सारखंच येत होतं. ते तसंच येणार होतं. २० बारचा दाब पडला, तर त्यातून जाणारं ऑइल एका फेरीत फक्त सव्वा अंशानं तापतं. पण २० लिटर ऑइल मिनिटाला दोनदा फिरतं. सव्वा-सव्वा अंश साठत जातो आणि वीस मिनिटांत टाकी ६२ वर. थर्मामीटरला ती जागा दिसणं शक्य नव्हतं. रिलीफ गळत असता तर दिसली असती, कारण १७० बार पडले की एकाच फेरीत दहा अंश चढतात आणि व्हॉल्व्हचा तो कोपरा वेगळा तापतो. आपला चोर मोठ्या प्रवाहावर थोडा थोडा हात मारणारा आहे. त्याला गेजच पकडणार.

१४ नोव्हेंबर

गेज यायचे आहेत, तोवर सिलिंडरचं सील तपासून घेतलं. रॅम पूर्ण पुढे नेला, इंजिन बंद, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडला. रॉडच्या बाजूची होज काढली, होजच्या तोंडाला बूच घट्ट बसवलं आणि सिलिंडरच्या उघड्या पोर्टखाली बादली ठेवली. मग इंजिन चालू करून लिव्हर फक्त पुढे दाबली. पिस्टनचं सील गेलं असतं, तर पोर्टातून धार लागली असती. पाच सेकंदांत चार-पाच थेंब पडले. सील ठीक. (या चाचणीत लिव्हर चुकून मागे ओढायची नाही. सगळा दाब त्या बुचावर येतो. म्हणून दादाला लिव्हरजवळ येऊ दिलं नाही.)

१५ नोव्हेंबर

गेज आले. एक ०-२५० बारचा ग्लिसरीन भरलेला, एक ०-४० बारचा, एक ०-१० बारचा. मोठ्या गेजवर २० बार म्हणजे काट्याची जेमतेम हालचाल, वाचता येत नाही. छोटा गेज लावावा, तर लिव्हर हलली की १७० बारांनी फुटतो. म्हणून पंपाच्या टीवर (तीन तोंडांच्या जोडावर) छोट्या गेजच्या आधी एक नीडल व्हॉल्व्ह बसवला. लिव्हर हलवायच्या आधी तो बंद, न्यूट्रलला स्थिर झालं की हळू उघडायचा. ०-१० चा गेज रिटर्नला आधी व्हॉल्व्हच्या तोंडाशी, नंतर फिल्टरच्या आधी.

जोडण्या पाझरतात का हे पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहिलं. हातानं चाचपायचं नाही. सुईएवढ्या भोकातून आलेली ऑइलची धार कातडी फोडून आत जाते. जखम टोचल्याएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते.

ऑइल ४५ अंशांवर असताना न्यूट्रलचे आकडे: पंपापाशी २३ बार. व्हॉल्व्हमधून बाहेर पडल्यावर ६. फिल्टरच्या आधी पावणेदोन.

२२ चा अंदाज आणि २३ चं गेज! फार समाधान वाटलं.

म्हणजे २३ पैकी १७ बार एकट्या व्हॉल्व्हमध्ये जातात, सव्वाचार रिटर्नच्या होज-एल्बोमध्ये आणि उरलेले फिल्टरमध्ये. या मापाच्या व्हॉल्व्हमध्ये ४१ लिटरला तीन-चार बार जावेत. १७ नाहीत.

रिलीफही पाहून घेतला. मोठा गेज लावून रॅम टोकाला दोन सेकंद दाबला: १७२ बार. बरोबर आहे, स्क्रूला हात लावला नाही.

१६ नोव्हेंबर

काका आले. त्यांचं आयुष्य ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये गेलंय. त्यांना कालचे आकडे प्रत्यक्ष दाखवायचे म्हणून यंत्र चालू केलं, ऑइल तापवलं, नीडल व्हॉल्व्ह उघडला.

नऊ बार.

मी गेजवर टिचकी मारली, बंद करून पुन्हा उघडला. नऊच. काल २३ होते आणि मधे कशालाही हात लावला नव्हता. काका काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "काल शेवटची लिव्हर कुठं नेली होतीस?"

"मागे. रॅम आत घेऊनच बंद केलं होतं."

"आणि आज?"

आज मी रॉडवर चरे आहेत का पाहायला रॅम पुढे काढला होता आणि लिव्हर हातानं सोडून दिली होती. रॅम बाहेरच होता.

"मग आता मागे घे बरं," काका म्हणाले.

नीडल व्हॉल्व्ह बंद केला, लिव्हर मागच्या खाचेत टाकली. रॅम आत येऊन टेकला, डिटेंट (लिव्हर खाचेत धरून ठेवणारा खटका) सुटला, लिव्हर परत मधे आली. निदान मधे आलीशी दिसली. गेज उघडला: २३. पुन्हा पुढे काढून सोडलं: ९. मागे घेतलं: २३. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

पुढून सोडलेला स्पूल (लिव्हरसोबत व्हॉल्व्हच्या आत सरकणारी, ऑइलची वाट बदलणारी दांडी) पूर्ण मध्यावर येतो, मागून सुटलेला येत नाही. काकांनी स्पूलच्या बाहेर डोकावणाऱ्या टोकावर पेन्सिलीनं रेघ मारली आणि दोन्ही वेळा पट्टी लावली. फरक अडीच मिलिमीटर. लिव्हरच्या मुठीशी तो बोटभरसुद्धा भरत नाही, आणि लिव्हरच्या सांध्यांत तेवढा ढिलेपणा आहेच, म्हणून डोळ्याला कधी दिसला नाही. पण त्या अडीच मिलिमीटरांनी मधली वाट निम्म्याहून जास्त झाकली जात होती. स्पूल पुढच्या बाजूला अडला असता, तर रॅम आपोआप सरकला असता आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं. मागच्या बाजूला रॅम आधीच टोकाला टेकलेला, सरकणार कुठे? प्रत्येक ओंडक्यानंतर रॅम मागे येतो, आणि पुढचा ओंडका उचलून ठेवेपर्यंत यंत्र याच अर्धवट न्यूट्रलला उभं राहतं. कामाच्या तासातला निम्म्याहून जास्त वेळ असा जातो.

१७ नोव्हेंबर

स्पूल का अडतो? स्प्रिंग कमजोर, की आत कचरा? मी व्हॉल्व्ह उघडायला निघालो होतो. काकांनी थांबवलं. "आधी बुडाचे बोल्ट सैल कर. उघडायचं शेवटी."

इंजिन बंद, लिव्हर मागच्या खाचेतून हातानं काढून सोडली, स्पूल त्याच अडीच मिलिमीटरांवर अडकला. मग ब्रॅकेटच्या तीन बोल्टांपैकी डावीकडचा अर्धा फेरा सैल केला. स्पूल टक् आवाज करून मध्यावर गेला.

नवा ब्रॅकेट वेल्डिंगच्या ओढीनं वाकला होता. सरळ पट्टी ठेवली, तर एका पायाखाली जवळजवळ एक मिलिमीटरची फट. तीन बोल्ट मी ताकदीनं आवळले होते, आणि व्हॉल्व्हची बॉडी त्या वाकड्या पट्टीवर पिळली गेली होती. स्पूल आणि त्याचं भोक यांच्यातली जागा काही मायक्रॉनची असते. बॉडी केसभर वाकली तरी स्पूल घासतो. पुढून येताना स्प्रिंग त्याला ढकलून नेत होती, मागून येताना थोडी कमी पडत होती.

ब्रॅकेट कानशीनं घासून सपाट केला. दोन तास गेले. उरलेल्या केसभर फटीला पातळ शिम (पत्र्याची चकती). बोल्ट घट्ट, पण जिवाच्या आकांतानं नाही. आता दोन्ही बाजूंनी न्यूट्रल ९ बार.

काका जाताना व्हॉल्व्हवर हात ठेवून म्हणाले, "बिचाऱ्याला उगाच पिळलंस." खरं आहे. मी बनवलेला ब्रॅकेट, मीच आवळलेले बोल्ट, आणि पहिला संशय पंपावर.

२० नोव्हेंबर

नऊ बारवर थांबता आलं असतं. पण रिटर्नचे सव्वाचार बार मला खुपत होते, आणि परत येणाऱ्या स्ट्रोकचा हिशेब केला तेव्हा जास्तच. रॅम मागे येताना पंप रॉडच्या बाजूला ४१ लिटर भरतो. तिथे रॉडनं जागा व्यापलेली, म्हणून दुसऱ्या बाजूनं त्याच्या चार तृतीयांश ऑइल बाहेर पडतं. मिनिटाला ५५ लिटर! रिटर्न लाइन पंपाच्या मापाची घेऊन भागत नाही, ती या ५५ च्या मापाची हवी. आमच्या अर्ध्या इंची होजमधून ते सेकंदाला सात मीटरच्या वेगानं धावत होतं. रिटर्नला दोन-तीन मीटर पुष्कळ झाले.

पाऊण इंची होज टाकली. आता वेग न्यूट्रलला २.४ मीटर, मागे येताना ३.२. दोन्ही एल्बो काढून टाकले आणि होजलाच मोठी वळणं दिली. एका एल्बोचं आतलं भोक मोजलं तर ९ मिमी निघालं. बाहेरून आटे मोठे दिसतात, आत एवढीशी वाट. फिटिंग घेताना आतून बघायची सवय लावून घ्यायला हवी.

फिल्टरही बदलला, एक माप मोठा. जुना फिल्टर कोरा असतानाही पावणेदोन बार दाखवत होता आणि त्याच्या बायपासची स्प्रिंग साधारण तेवढ्यालाच उघडते. म्हणजे बरंचसं ऑइल न गाळताच टाकीत जात होतं. १० तारखेला मी नवीन फिल्टर बसवून हात झटकले, तेव्हाही हेच चालू होतं.

न्यूट्रल आता साडेचार बार: व्हॉल्व्हमध्ये ३, होजमध्ये १, फिल्टरमध्ये अर्धा. उष्णता दीड किलोवॅटवरून ०.३ वर.

२१ नोव्हेंबर

दादाशी बोलणं झालं. गाठ लागली की तो लिव्हर दाबून धरतो, 'आत्ता फुटेल' म्हणून. रिलीफवरून ११ लिटर ऑइल १७० बारनं सांडत असतं तेव्हा ३ किलोवॅट होतात. दहा सेकंद धरलं, तर सगळी टाकी पाऊण अंश चढते. त्याला आकडा सांगितल्यावर पटलं. आता दोन सेकंदांत नाही फुटला, तर मागे घेऊन ओंडका फिरवायचा.

डिटेंटही उशिरा सुटत होता. रॅम मागे टेकला तरी इंजिन क्षणभर कण्हायचं. डिटेंटचा स्क्रू थोडा थोडा सैल करत ७० बारला सुटेल असा आणला. पाचरीवर अडकलेला ओंडका ओढून काढायला तेवढे पुरतात, दोन ओंडके मुद्दाम अडकवून पाहिलं.

२३ नोव्हेंबर

कसोटी. हवा ३०, दोन तास सलग, दादा लिव्हरवर, मी ओंडके देत आणि तापमान टिपत. अर्ध्या तासाला ४४, तासाला ५५, दीड तासाला ६१, दोन तासांना ६२. म्हणजे जेवढी उष्णता तयार होते, तेवढी टाकीचा पत्रा आता हवेत सोडतोय. कूलर लावायची गरज उरली नाही. रॅमचा वेग शेवटी पुन्हा मोजला: पुढे जायला साडेसात सेकंद. जोर सुरुवातीसारखाच.

एकच गोष्ट राहिली. रॉडचं पुढचं सील ओलं दिसतंय, दोन तासांत रॉडवर ऑइलचं कडं धरलं. ८६ अंशांचा तो दिवस त्याला भोवला असावा. सील किट मागवलं आहे, आलं की सिलिंडर उघडेन, तेव्हा पिस्टनचंही बदलून टाकीन.

टाकीवर पांढऱ्या रंगानं लिहून ठेवलं: न्यूट्रल ४५ अंशांना साडेचार बार, पुढून आणि मागून दोन्ही. टीवरचा नीडल व्हॉल्व्ह आणि छोटा गेज आता कायमचे तिथेच राहतील. पुढची तपासणी पन्नास तासांनी, फिल्टरसोबत.